वानखडेभाऊंची चौकशी

टीव्हीवर लढाईची बातमी लागली, की आमच्या शेजारचे वानखडेभाऊ पडद्यापाशी जाऊन उभे राहतात आणि बातमीदाराला हाताने बाजूला सारतात.

"सरका ना साहेब थोडे. मांगचे मानसं दिसू द्या."

बातमीदार शिरस्त्राण घालून बोलतच राहतो. भाऊ एसटीत कंडक्टर होते. सारी नोकरी अमरावती-दर्यापूर रस्त्यावर गेली. दारात उभं राहून गाडी अडवणारा माणूस त्यांना अजून खपत नाही.

लढाईत त्यांचा पक्ष कोणताच नाही. क्षेपणास्त्रांची चित्रं संगीतासह सुरू झाली, की ते पाणी प्यायला उठतात. चौकटीत बसून भांडणाऱ्या तज्ज्ञांकडे बघतही नाहीत. त्यांना फक्त मागची माणसं बघायची असतात, आणि एकदा पाहिलेला चेहरा ते विसरत नाहीत. आजची म्हणून दाखवलेली एक रडणारी मुलगी मागच्याच एका लढाईतली आहे, हे त्यांनी बसल्या जागी ओळखलं होतं. मी मोबाइलवर शोधलं, तर खरंच निघालं.

मी स्वतः आकड्यांचा माणूस. मेले किती, आकडा कोणी दिला, त्याला दुजोरा कोणाचा, एवढं बघून मी पेपर मिटतो. एक बाजू जो आकडा सांगते, दुसरी त्याच्या निम्मासुद्धा मान्य करत नाही. म्हणून मी दोन्ही बघतो. भाऊंना आकडे सांगितले की ते मान हलवतात आणि तिसरंच विचारतात.

गेल्या उन्हाळ्यात असंच झालं. एका परक्या गावात सैनिकांनी घरातून उचलून नेलेल्या मुलाचा फोटो घेऊन एक बाई छावणीच्या फाटकापाशी उभी होती. चॅनेलने तिला दाखवलं, मग साबणाची जाहिरात लागली. दुसऱ्या दिवशी बाई नव्हती.

"तिचं पोरगं भेटलं काय?" भाऊंनी मला विचारलं.

"आता कसं कळणार, भाऊ?"

"कावून नाई कळनार? दाखवलं त्याइनंच ना?"

त्या बाईचा फोटो आमच्याकडे येणाऱ्या पेपरातही आला होता. भाऊंनी पेपरच्या कचेरीत फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो.

"काका, ती बातमी बाहेरून आलेली होती," पलीकडचा उपसंपादक म्हणाला.

"मंग जिथून आली तिथं इचारा."

"ती जुनी झाली हो आता."

"बातमी जुनी झाली असंन. पोरगं घरी आलं काय, ते सांगा."

तेव्हापासून भाऊ दर सोमवारी फोन करतात. आता उपसंपादक आवाज ओळखतो आणि आधीच सांगतो, "काका, काही नाही आलं." भाऊ म्हणतात, "बरं, मंग पुढच्या सोमवारी."

एकदा मी थट्टेने वहिनींना म्हणालो, "भाऊंनी बातमीदारच व्हायला पाहिजे होतं."

वहिनी मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "याइचा लहाना भाऊ, दिनकर, तेल्हारा गावच्या घरून निंगून गेला होता. आमचं लगन झालं त्याच साली. पेपरात फोटो देला. फोटो एकच दिवस आला. पयले पयले जो भेटे तो इचारे, लागला काय पत्ता म्हनून. मंग इचारनं बंद झालं. लोकाइले वाटे, इचारलं तं याइले वाईट वाटीन. याइले तं कोनी इचारत नाई याचंच वाईट वाटते."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो आम्ही. मला हे नाव माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. टीव्हीवर लढाई चालू होती.

"भाऊ," मी म्हणालो, "दिनकरचं काही कळलं का हो?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. भाऊंनी टीव्ही बंद केला आणि दिवाणावर सरकून मला जागा करून दिली.

"नाई," ते म्हणाले. "बसा."

आणि घर सोडलं त्या दिवशी दिनकरच्या अंगात कोणता सदरा होता, तिथून त्यांनी सांगायला सुरुवात केली.