ओल्या धावपट्टीवर सासरे

विमान उतरवण्यात माझा हात धरणारा आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कोणी नाही. कॉम्प्युटरवर का होईना, पण तीन वर्षांत चारशे बारा वेळा विमान उतरवलंय आणि एकदाही चाक धावपट्टीबाहेर गेलेलं नाही. धो धो पावसातसुद्धा!

हे मी मेहुण्याला सांगितलं तेव्हा तो चहात बिस्कीट बुडवत होता. मेहुणा खराखुरा वैमानिक आहे. त्याने माझं एक लँडिंग पाहिलं आणि म्हणाला, "भावोजी, एवढ्या पावसात पट्टी ओली असते आणि तुम्ही निम्म्यातच थांबलात. खरं विमान असं थांबत नाही, घसरतं."

"ब्रेक नीट दाबले की थांबतं," मी म्हणालो.

त्यावर तो आपल्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे बघून असा काही हसला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शनिवारी सकाळी मी शास्त्रीय प्रयोग मांडला. हॉलपासून दारापर्यंतचा आमचा पॅसेज ही धावपट्टी. चाकांची खुर्ची हे विमान. खुर्चीत सासरे, कारण रिकाम्या विमानाचे आकडे कोण धरतो? मी ढकलायचं, खडूच्या खुणेवर त्यांनी रबरी चपला टेकवून ब्रेक लावायचा आणि बायकोने टेपने अंतर मोजायचं.

"बाबा, पडाल," बायको म्हणाली.

"चाळीस वर्षं बस चालवलीय मी. मला ब्रेक शिकवू नकोस."

कोरड्या फरशीवर एक मीटर वीस. छान. मग मी न्हाणीघरातली भरलेली बादली पॅसेजभर ओतली. तिच्यात फरशी पुसायला साबण घातलेला होता, हे बायकोने सांगितलं. पण मी ढकलल्यावर.

सासऱ्यांनी अगदी खुणेवर ब्रेक लावला. उपयोग शून्य. उलट वेग वाढल्यासारखा वाटला. धावपट्टी आखूड पडायला नको म्हणून मी बाहेरचं दार उघडंच ठेवलं होतं. सासरे त्यातून जिन्यापुढून सरळ निघाले. समोर दातांचा दवाखाना. नेमका तेव्हाच एक पेशंट दार उघडून बाहेर येत होता. तो शहाण्यासारखा बाजूला झाला आणि सासरे आत गेले.

मी धावत पोचलो तेव्हा ते वेटिंग रूमच्या भिंतीला लागून ताठ बसले होते. काउंटरवरच्या बाईंनी वहीतून मान वर न करता विचारलं, "अपॉइंटमेंट आहे?"

"नाही. ओलं होतं," मी म्हणालो.

"मग चौथा नंबर. बसा."

"बसलोच आहे," सासरे म्हणाले.

नशिबाने लागलं काही नव्हतं. पण डॉक्टरांनी, आलाच आहात तर, म्हणून तोंड उघडायला लावलं आणि एक दाढ काढली. तिकडे बायको पाच मीटरची टेप धरून जिन्यापाशी उभी होती. "अहो, टेप संपली," एवढंच म्हणाली.

मेहुण्याचं म्हणणं मला पटलं. मग सगळा राग मी खेळ बनवणाऱ्या कंपनीवर काढला. कडक पत्र लिहिलं: तुमची विमानं ओल्या पट्टीवर साफ खोटं वागतात, पुरावा म्हणून सोबत सासऱ्यांचे आकडे.

तिसऱ्या दिवशी नम्र उत्तर आलं. ओली पट्टी त्यांनी अगदी खऱ्यासारखी केलेली आहे. फक्त माझ्या खात्यात पहिल्या दिवसापासून 'नवशिक्यांसाठी: पट्टी कायम कोरडी' हा पर्याय चालू आहे.

मी तो गुपचूप बंद केला आणि पावसात विमान उतरवलं. ते पट्टी संपवून, कुंपण तोडून एका गोदामात शिरलं.

मागे सासरे उभे होते, हे मला माहीत नव्हतं. गालावर हात धरून ते स्क्रीनकडे बघत होते.

"हां," ते म्हणाले, "आता जमायला लागलं तुम्हाला, जावईबापू."