शंभर दाणे आणि एक किल्ली

"या खोलीत मले इचारल्याबिगर माशीही शिरत नाही!" डोमाजीची ही फुशारकी साऱ्या बोरी अरब गावाला पाठ होती.

डोमाजी शेतकरी सोसायटीचा शिपाई. सर्व्हरच्या खोलीत रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रांचं पुरुषभर उंच काळं कपाट आणि चोवीस तास एसी. किल्ली त्याच्या करदोट्याला. पन्नाशीत अक्षरं शिकल्यामुळे दारावरची पाटी तो येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवी, "खोली थंड व कोरडी ठेवावी!"

जून लागला. पेरणीआधी डोमाजीला घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते पाहायचं होतं. घरी दोनदा ठेवले. दोन्हीदा बकरीनं गोणपाटासकट फस्त केले!

"अवो, कुलपातली जागा पाहा ना एखादी!" बायको, पंचफुला, करवादली.

कुलूप म्हणताच करदोट्याला गुदगुल्या झाल्या!

कपाटाच्या माथ्यावर खुडूक कोंबडीच्या पोटाखाली असते तशी ऊब. डोमाजीनं तिथं परात ठेवली, परातीत गुंडाळी. थेंब सांडू दिला नाही गड्यानं!

तिसऱ्या दिवशी भिंतीवरचं ओलावा मोजायचं यंत्र केकाटलं. सचिव बेबीताई धावत आल्या.

"डोमाजी, छत गळून राह्यलं का?"

"आभायात ढग नाही ताई, गळन कायले?"

तरी छतावर ताडपत्री चढली. एसीची नळी बदलली. यंत्र केकाटतच! आणि डोमाजी रोज संध्याकाळी इमानानं गोणपाटावर पाणी शिंपडतच! पाणी गोणपाटात हाय, हवेत थोडीच हाय?

पाचव्या दिवशी यवतमाळहून निकिता इंजिनिअर आली.

"आज कारण नाही सापडलं," बेबीताई म्हणाल्या, "तर किल्ली माझ्याकडे!"

डोमाजीनं करदोट्याची किल्ली मुठीत धरली!

निकिता स्टुलावर चढली. परात खाली आली. गोणपाट उलगडलं. पांढरे मोड माना वर करून थेट बेबीताईंकडे पाहू लागले.

निकिता बाभुळगावच्या शेतकऱ्याची लेक. तिला राहवलं नाही, ती मोजायलाच बसली.

"काका, ब्याण्णव!"

"पाह्यलं का ताई! बियाणं पास!"

"अन् तुम्ही नापास," बेबीताईंनी हात पुढे केला.

किल्ली गेली. पण शंभरात ब्याण्णव! डोमाजी शीळ घालत घरी गेला.

सकाळी पाटीवर नवी ओळ होती. पाचसहा माणसं जमलेली. डोमाजीनं सवयीनं खणखणीत आवाजात वाचली, "खोली डोमाजीपासून दूर ठेवावी!"

सारे खो खो हसले. डोमाजीनं टोपी सारखी केली.

"हे अक्षरं," तो पुटपुटला, "जराशी लवकरच शिकलो म्या!"