थोरले विरुद्ध जावईबापू

परभणीच्या स्टेशनकडे जाणाऱ्या आमच्या गल्लीत लिंबाजी मिस्त्री भर रस्त्यात माणसं अडवत आणि त्यांना डोळे मिटायला लावत. माणूस गाडी गाठायला निघालेला असो की दुधाचा तांब्या घेऊन घरी चाललेला असो, दुकानासमोर आला की मिस्त्रींची लाकडी पट्टी करोडगिरी नाक्यावरच्या बांबूसारखी आडवी येई. मग पुढ्यात एक सागवानी फळी धरली जाई. फळीवर दोन खाचा असत, अगदी शेजारी शेजारी.

"मिटा डोळे. फिरवा बोट. आन् इमानानं सांगा, थोरल्यांची कंची आन् जावईबापूची कंची?"

नवखा माणूस गोंधळून जाई. त्याला वाटे, घरात काही वाटणीचा वाद आहे. आम्हा गल्लीतल्यांना मात्र ठाऊक होतं की ही दोन्ही मंडळी माणसं नव्हेत, हत्यारं आहेत. थोरले म्हणजे मिस्त्रींच्या वडिलांचा खाच पाडायचा रंधा. सबंध बाभळीच्या लाकडाचा, पोटात बोटभर रुंदीचं पातं, आणि दोन पिढ्यांच्या तळव्यांनी घासून पाठ अशी चकचकीत झालेली की त्यात तोंड दिसावं. आणि जावईबापू म्हणजे विजेवर चालणारं यंत्र. मिस्त्रींचे खरे जावई माधवराव पूर्ण्याला रेल्वेत होते. हैद्राबादेला कुण्या कंत्राटदाराचं सामान लिलावात निघालं, त्यातून त्यांनी ते उचललं आणि दसऱ्याला सोनं द्यायला आले तेव्हा सासऱ्यांच्या पायाशी ठेवलं. त्याचं नाव राउटर, असं ते म्हणाले. गल्लीत ते नाव कुणी घेतलं नाही. दोन मुठी, मधे मोटार, खाली गरगर फिरणारं पातं. सुरू केलं की समोरच्या हाटेलातल्या बशा वाजत.

माझा मुक्काम मिस्त्रींच्या समोर. पलीकडच्या रस्त्यावर डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. लाल औषध, पांढरं औषध आणि बाटलीवर चिकटवायच्या कागदी खुणा एवढीच माझी विद्या. पण मिस्त्रींच्या दरबारी माझ्या बोटाला फार मान होता. "कंपाउंडरसाबाचं बोट सदा पान्यात. लय नरम. असा गवाह मिळायचा न्हाई."

दरबार हा शब्द मी चुकून वापरला. मिस्त्री त्याला अदालत म्हणत. तरुणपणी त्यांनी मुन्सफ कोर्टातला साक्षीदाराचा कठडा केला होता. ते काम इतकं रेंगाळलं की कठडा तयार होईतो मिस्त्रींच्या कानात सगळं कोर्ट उतरलं. पुढे निजामाचं राज्य गेलं, आम्ही मुंबई राज्यात आलो, कोर्टातली उर्दू हळूहळू उठून चालली. मिस्त्रींच्या जिभेवरची काही उठली नाही. त्यांच्या घरी भाजीत मीठ जास्त झालं तरी पेशी, म्हणजे सुनावणी, होई.

आणि न्यायाधीश म्हणाल तर काट्याचा तोल. थोरल्यांची बाजू मांडताना त्यांचा आवाज ओलसर होई. "थोरले लाकडाला इचारून चालत्यात. गाठ आली की थांबणार. म्हणणार, लिंबाजी, हितं बेतानं. ह्येचे छिलके बगा, कसे कुरळे निघत्यात." लगेच दुसऱ्या दमात जावईबापूंची वकिली सुरू. "पर जावईबापूचा झपाटा बगा! थोरल्यांना सकाळ लागती तितं ह्यो बिडी इझायच्या आत मोकळा. रेघ म्हंजी रेघ. मातर गाठीला इचारत न्हाई, कडा करपवतो, आन् छिलक्याऐवजी नुस्ता भुसा उधळतो. नाकात, कानात, चहात."

वीज गेली की "जावईबापू रुसले". मोटार गरम झाली की मिस्त्री ओरडत, "जावईबापू तापले!" पहिल्या पहिल्यांदा ही आरोळी ऐकून काशीबाई, म्हणजे मिस्त्रींच्या मंडळी, डोक्यावरचा पदर सावरत बाहेर धावत. "आगं बया! कवा आले? कशानं तापले?" समोर धूर सोडणारं यंत्र पाहून त्या नवऱ्याकडे असं बघत की भुशानंसुद्धा खाली बसावं.

निकाल मात्र कधीच लागत नसे. साक्षीदार बरोबर सांगो की चूक, मिस्त्री पट्टी खांद्यावर टाकून एकच वाक्य म्हणत. "तारीख पडली. पुढल्या पेशीला या."

माणूस एकदा विक्षिप्त ठरला की त्याच्या प्रत्येक वागण्याला तेच औषध लागू पडतं. त्या हिवाळ्यात मिस्त्रींनी चहाचा पेला वेगळा केला आणि दुकानातल्या खिळ्याला टांगला. आम्ही हसलो. बसायला स्वतंत्र पोतं घेतलं. ताट दुकानात मागवू लागले. काशीबाई म्हणाल्या, "विरक्ती यायलीय जनू. उद्या भगवे घालतील." मीही मान डोलावली. रस्त्यात माणूस अडवायला हात पुढे न करता हा गृहस्थ पट्टी का पुढे करतो, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

संक्रांत झाली आणि मिस्त्रींची एकुलती एक लेक सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ओझं सांभाळत वाकून तिनं बापाच्या पायाला हात लावला. मिस्त्री दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे, भुसा हाय अंगाला." पुढे ती बाळंत झाली. गोरीपान, भरपूर जावळाची मुलगी. मिस्त्रींनी तिला उंबऱ्यातून पाहिलं.

आता पहिल्या नातवंडाचा पाळणा आजोळचा, आणि आजोळ सुताराचं. उत्तम सागवान दुकानात भिंतीला टेकून केव्हापासून उभं होतं. चार खांब, चार पट्ट्या, पट्ट्यांना खाचा आणि खाचांत बसणाऱ्या पातळ फळ्या. मिस्त्रींना हे काम म्हणजे पान लावण्यासारखं. पण बारसं जवळ आलं तरी पाळण्याची एक ढलपी निघाली नव्हती. पोर जुन्या लुगड्याच्या झोळीत निजत होती. विचारलं की उत्तर ठरलेलं: तारीख पडली.

गल्लीनं आपला निकाल लावून टाकला. एकीकडे बाप, दुसरीकडे जावई. थोरल्यांनी पाळणा केला तर माधवरावांचा मान गेला, आणि राउटरनं केला तर वरती वडील काय म्हणतील? म्हातारा अडकलाय. हाटेलात यावर पैजासुद्धा लागल्या.

सुभद्राचा निकाल निराळा होता. बाळंतकाढ्याची बाटली द्यायला मी गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पोरगी झाली न्हवं काका, म्हनून. बाबानं एक डाव बी हातात घेतली न्हाई तिला. पाळना बी न्हाई करायलेत. ह्ये आले बारशाला की त्यांच्यासंगं जाते मी. पुन्ना न्हाई यायची."

काशीबाई चुलीशी बसून नुसता पदर डोळ्याला लावत होत्या. मला राग आला, चांगलाच आला. अदालत गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणत मी रस्ता ओलांडून दुकानात शिरलो.

"मिस्त्री, लेक काय म्हणते ठाऊक आहे का? मुलगी झाली म्हणून तुम्ही रुसलात."

नुकतीच काढलेली एक खाच त्यांच्या पुढ्यात होती. तिच्यावर टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "गुळगुळीत झालीय बगा. कुटं कायबी लागत न्हाई."

खाचेत बोटाच्या मागोमाग एक तांबडी रेघ उमटत गेली. बोटात लाकडाचं चांगलं जाड कुसळ घुसलं होतं. मिस्त्रींना काहीच कळलं नव्हतं. मी कुठं बघतोय हे पाहून त्यांनी खाली पाहिलं, आणि चोरी पकडल्यासारखा हात धोतरामागं लपवला.

त्या काळी महारोगाचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे. बोटं बधिर झाली की लोकांना एकच गोष्ट सुचे, आणि ती सुचली की माणसाला गावाबाहेरचा रस्ता दिसे. वेगळा पेला, वेगळं पोतं, आडवी पट्टी, उंबऱ्यातून पाहिलेली नात... सगळं माझ्या डोळ्यांपुढून सरसर गेलं. आणि रोज रोज लोकांची बोटं का लागत होती तेही कळलं. मिस्त्रींना स्वतःला खाच लागतच नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दसऱ्याच्या मागून. आदी मुंग्या, मंग हे असं. आंगठा आन् हे दोन बोटं." त्यांनी हात पुढे करून दाखवला. "लेक वली बाळंतीन हाय, कंपाउंडरसाब. ह्या हातानं पाळना करू? ह्याच्यात घालू का त्या लेकराला?"

"डॉक्टरांना दाखवायचं सोडून गल्लीभर अदालत भरवता?"

"तुमच्या डॉक्टरकडं गेलो की फैसला व्हतो," ते म्हणाले. "हितं तारीख तर पडती."

मी त्यांची पट्टी काढून कोपऱ्यात ठेवली आणि त्यांचं मनगट धरलं. ते दचकले. किती दिवसांत त्यांना कुणी शिवलं नव्हतं कोण जाणे. "चला, आजच पेशी आहे," मी म्हणालो.

रस्त्यानं ते माझ्यापासून अंतर राखून, भिंतीच्या कडेकडेनं चालले. दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी त्यांना सदरा काढायला लावून खिडकीच्या उजेडात उभं केलं. पाठ बघितली, छाती बघितली, कोपरामागची शीर चाचपली. मग कापसाची बारीक वात केली आणि म्हणाले, "मिटा डोळे. मी लावीन, तुम्ही सांगा."

मिस्त्रींनी डोळे मिटले. जन्मभर दुसऱ्यांना कठड्यात उभं करणारा माणूस आता स्वतः उभा होता. करंगळीला कापूस लागला, "हाय." अंगठ्याला लागला, मिस्त्री गप्प. दंड, पाठ, मांडी, पाय, सगळीकडे "हाय, हाय." पुन्हा मधलं बोट, पुन्हा गप्प.

"दसऱ्याला नवीन काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"जावईबापू आले."

डॉक्टरसाहेब चष्म्यावरून बघत राहिले. "जावई आल्यानं बोटं बधिर होतात?"

मी घाईघाईनं यंत्राचा खुलासा केला. डॉक्टर म्हणाले, धरता कसं ते दाखवा. मिस्त्रींनी हवेतच दोन मुठी आवळल्या, मनगटं वाकवली, दातओठ खाल्ले. "मस्तवाल गोऱ्ह्याची येसन धरल्यावानी धरावं लागतं, साहेब. सुटलं तर आंगावर यायचं. सकाळधरनं दिवं लागेस्तोवर."

"आणि ते थरथरतं."

"बशा वाजत्यात हाटेलातल्या."

डॉक्टर हात धुवायला उठले. "मनगटातली शीर दबलीय. तुम्हाला वाटतं ते नाही. डाग नाहीत, इतर शिरा चांगल्या आहेत. ते यंत्र बंद. रंधा चालेल, बेतानं. हळूहळू येईल बोटांत जीव."

मिस्त्री तसेच उभे. "फैसला पक्का? अपील-बिपील?"

"अपील नाही. घरी जा आणि नातीला घ्या."

मला इतकं हायसं वाटलं की मी लाल औषधाच्या बाटलीवर पांढऱ्याची खूण चिकटवली आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. मिस्त्री परतताना रस्त्याच्या मधोमध चालत होते. समोरून येणारी सायकल त्यांनीच अडवली, सायकलस्वाराचा हात हातात घेतला, जोरजोरात हलवला आणि सोडून दिला. तो बिचारा बराच वेळ मागं वळून बघत होता.

घरी काय झालं ते मी उंबऱ्यातूनच पाहिलं. मिस्त्रींनी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि सुभद्रापुढे बसून सगळं सांगितलं. काशीबाईंनी आधी हंबरडा फोडला, मग त्यांना यथेच्छ शिव्या दिल्या, मग खिळ्यावरचा पेला काढून चुलीत घालायला निघाल्या. तो पितळेचा होता म्हणून वाचला. सुभद्रानं झोळीतून पोर काढली आणि बापाच्या मांडीवर ठेवून दिली.

बारशाच्या आदल्या दिवशी माधवराव आले. सासऱ्यांचं दुखणं आपण दिलेल्या यंत्रानं झालं म्हणून ते ओशाळले होते. मिस्त्रींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि समोर सागवान टाकलं. खाचा माधवरावांनी राउटरनं काढल्या, सैल हातानं. करपलेल्या कडा थोरल्यांनी साफ केल्या. बारशाला पाळणा टांगला तेव्हा मिस्त्रींनी जमलेल्या बायकांसमोर जाहीर केलं, "समझोता झाला. दोगं बी बाइज्जत बरी!"

त्यानंतर रस्त्यावरची अदालत बंद पडली. खरं सांगायचं तर मला चुकल्याचुकल्यासारखं होई. होळी उलटून गेल्यावर एका दुपारी दुकानातून हाक आली, "कंपाउंडरसाब, पेशी हाय!" मी आनंदानं बोट पुसत गेलो. फळी कुठं दिसेना. भुशापासून दूर, दारातल्या सावलीत मिस्त्री नातीला मांडीवर घेऊन बसले होते. ती झोपली होती. मिस्त्रींचे डोळे मिटलेले, आणि त्यांचा अंगठा तिच्या गालावरून सावकाश फिरत होता.

"गुळगुळीत हाय सगळं," ते डोळे न उघडता म्हणाले. "निस्तं हितं, ओठाच्या कडंला, जराशीक खरबरीत लागायलंय. दूध वाळलंय जनू. बगा बरं."

मी वाकून पाहिलं. दूधच वाळलं होतं, तिळाएवढं.

"हो, आहे," मी म्हणालो.

मिस्त्रींनी डोळे उघडले. ते भरून आले होते आणि त्यांना ते पुसताही येईना, कारण दोन्ही हात गुंतलेले. "अगं ये," त्यांनी आत हाक मारली, "कोमट पानी आन् फडकं आन जरासं. पोरीचं तोंड पुसायचंय."