सातवा दिवा

एका जंगलात एक तळं होतं, मुलांनो, आणि हिवाळा काढायला तिथे चाळीस करकोचे उतरत. उन्हं तापली की ते डोंगरापलीकडे उडून जात.

उडण्याची त्यांची रीत ठरलेली. पुढच्याने हाक द्यायची, ती ऐकून मागच्याने पंख उघडायचे आणि आपल्या मागच्याला हाक द्यायची. पुढचा हलल्याशिवाय मागच्याने हलायचं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

दादाराव करकोच्याचा नंबर सातवा. गेल्या वर्षी डोंगरावरच्या वाऱ्यात तो गरगरला होता आणि फार भ्याला होता. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. यंदा त्याने ठरवलं, आधी घरी सराव, मग उड्डाण.

म्हणून त्याने बिऱ्हाडातच विमानाचं खोटं पॅनेल बांधायला घेतलं. चाकं खाली आली की हिरवा दिवा, वादळ आलं की लाल. चाकं त्याला नव्हती. पण पॅनेल म्हटलं की दिवा हवाच.

दिवे कोल्ह्याच्या दुकानातले, नव्या तऱ्हेचे एलईडी. चाळीस दिवे, तार एकच. पहिला दिवा आपल्यापुरता निरोप ठेवून घेई, उरलेला दुसऱ्याकडे सरकवी. दुसरा तिसऱ्याकडे. ज्याला जो रंग सांगाल, तो लागे.

"घाई मात्र करू नका, दादासाहेब," कोल्हा म्हणाला.

दादारावने बटण दाबलं. सहा दिवे लागले. पुढे अंधार.

उन्हं तापली. पुढचे सहा जण हाक देऊन उडाले. सहाव्याची हाक दादारावने ऐकली. "सराव व्हायचाय अजून," असं पुटपुटत त्याने पुन्हा तारांत चोच घातली.

आठवा नंबर त्याच्या बायकोचा, गोदाबाईचा.

"अहो, पाणी घोट्यापर्यंत उतरलं."

"मग तू हो पुढे."

"तुमच्या आधी? लोक काय म्हणतील?"

मागच्या बत्तीस लोकांनी माना डोलावल्या.

पाणी आटलं. मासे संपले. उपाशीपोटी सगळ्यांच्या पंखांतलं बळ गेलं. आणि एका संध्याकाळी दादाराव आनंदाने ओरडला, "सापडला! सातवा दिवा मेलेला होता! पुढे निरोपच देत नव्हता. एका मूर्खापायी मागचे तेहेतीस अंधारात!"

"काय बाई एकेकाचा स्वभाव," चिखलात बसल्या बसल्या गोदाबाई म्हणाली.

त्याने सातवा दिवा बदलला. चाळीसच्या चाळीस दिवे लखलखले. ते पार लांबून दिसत होते.

दिवे बघायला कोल्हा सहकुटुंब आला.

तात्पर्य: पुरता सराव झाल्याशिवाय कधीही उडू नये. सरावाशिवाय उडालेले सहा जण त्या तळ्यावर पुन्हा दिसलेच नाहीत, असं कोल्हा अजून सगळ्यांना सांगतो.