करकोच्यांपुढे कीर्तन

या मंडळी, पुढे सरकून बसा. दाराशी बसणाऱ्याला प्रसाद मिळतो, गोष्ट मिळत नाही! काटोल रस्त्यावरच्या आमच्या रुपरावाची गोष्ट सांगतो. हसू आलं तर हसा, पण मधेच उठू नका.

रुपराव कीर्तनाचा एवढा वेडा, की बैल हाकतानाही "बोला पुंडलिक वरदे!" म्हणायचा. त्याच्या अंगणात एक थोराड चिंच होती. दर पावसाळ्यात तिच्यावर करकोचे घरटी बांधायचे. करकोच्याला गाता गळा नसतो. तो नुसती चोच वाजवतो, थेट बुवांच्या चिपळ्यांसारखी! रुपरावाची बायको प्रयागबाई हिला मूलबाळ नव्हतं. "माह्या पोरी बाळंतपणाले आल्या," म्हणायची, आणि तेवढे महिने चिंचेखाली कोणाला मोठ्यानं खोकू द्यायची नाही.

एकदा नागपूरच्या महाल भागात कीर्तन ऐकताना रुपराव शेजारच्या कृष्णकांत वकिलांना म्हणाला, "तुमच्या शहरात काय हाय जी? माह्या अंगणात पाखरं चिपळ्या वाजवतात! या पाहाले. गावाचं नाव दिल्लीपर्यंत नाही नेलं, तं रुपराव म्हणू नका!"

रविवारी वकील चार जणांना घेऊन आले. दुर्बीण लावली, कुजबुजत बोलले, प्रयागबाईच्या हातचं पिठलं-भाकर खाऊन तृप्त होऊन गेले. मग माणसं येऊ लागली. कधी न थांबणारी एसटी थांबू लागली! लहानूच्या चहाच्या टपरीचं हॉटेल झालं. चिंच तोडून वीटभट्टीला विका म्हणून रुपरावाच्या मागे लागलेले गावातले मारोतरावसुद्धा गरजले, "या झाडाले कोणी हात लावला तं हात तोडीन!"

प्रयागबाई मनातून सुखावली. झाड तरी वाचलं.

पण रविवार फुगत गेला. खांद्यावर ट्रान्झिस्टर आले, पत्त्यांचे डाव आले. एक बाई वर बघत म्हणाल्या, "इश्श! हे नुसतेच बसतात? उडत नाहीत?"

मांडवात वऱ्हाडी रुसल्यावर मुलीचा बाप होतो, तसा रुपराव घाबरा झाला.

"चिंचेखाली कीर्तनच ठेवतो," तो म्हणाला. "वरून पाखरांच्या चिपळ्या, खालून बुवांच्या! पाहुणे खूश, देव खूश!"

"काहून जी, डोस्कं फिरलं का?" प्रयागबाई म्हणाली. " घरट्यात लेकरं हायेत. भेतीन ना ते!"

"अवं, देवाच्या नावाले कोणी भेते का?"

बुवा आले, भोंगा आला. बांधायला उंच जागा एकच, म्हणून भोंगा चढला चिंचेवरच! बुवांनी पहिला शब्द उच्चारायला तोंड उघडलं, आणि भोंग्यानं अशी शिटी मारली, की अंगणात मालगाडी शिरल्यासारखं वाटलं! सगळे करकोचे एकदम उठले. आभाळ झाकलं. आणि भ्यालेलं पाखरू उडताना जे सांडतं, ते धो धो खाली आलं! बुवांच्या पगडीवर, वकिलांच्या दुर्बिणीवर, त्या बाईंच्या कोऱ्या साडीवर! बुवा मृदंगाखाली शिरू पाहत होते, मृदंगवाला मृदंग सोडेना.

"उडाले! वा!" मागच्या पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. "पुन्हा एकदा!"

आणि आमचा भोळा रुपराव त्या टाळ्यांनी विरघळला हो! हात जोडून म्हणाला, "बुवा, होऊ द्या गजर!"

करकोचे उतरायला बघत, टाळ्या पडत, पुन्हा उडत. मग दर रविवारी कोणी ना कोणी डबा बडवू लागलं. एवढ्या लांबून आलो, उडताना नको का बघायला? दिवाळीच्या आतच चिंच रिकामी झाली. खाली पडलेली पिल्लं प्रयागबाईनं पदरात वेचली, तळ्यातली मासोळी बारीक करून भरवली. एकही जगलं नाही.

ती नवऱ्यावर ओरडली नाही. "जेवून घ्या जी," एवढंच म्हणाली. रुपरावाला तो घास आजतागायत गिळता आलेला नाही.

पुढल्या पावसाळ्यात एसटी थांबली, पाहुणे उतरले. करकोचे आले नाहीत. रुपराव रस्त्यावरच हात जोडून उभा. "नाही आले जी. चूक माही हाय."

"मग आम्ही काय तुमचं तोंड बघायला आलो?" पाहुणे खेकसले.

प्रयागबाईनं त्यांनाही पाणी दिलं. वर मात्र एकदाही पाहिलं नाही.

संपली गोष्ट. टाळ्या नकोत मंडळी, पाया पडतो! तुम्ही हौसेनं हिंडणारी माणसं. कुठं घरट्यावर पाखरू बसलेलं दिसलं, तर लांबूनच नमस्कार करा, आणि त्या प्रयागबाईची तेवढी आठवण ठेवा.