नेन्यांची रिकामी बाटली

आमच्या ठाण्याच्या लॅबमधले नेने सकाळी आले की आधी पेशींना विचारायचे, "काय मंडळी, झोप झाली का?" आम्ही माणसं 'गुड मॉर्निंग' म्हणून म्हणून थकलो, पण तिकडे लक्ष असेल तर शपथ!

ही मंडळी म्हणजे चपट्या बाटल्यांत वाढवलेल्या कातडीच्या पेशी. त्यांना सीरमचं खाणं असायचंच, पण नेन्यांचा सगळा जीव ग्रोथ फॅक्टरवर. "अहो जोशीबाई, नुसतं गिळून कोणी वाढतं का? 'वाढ हो बाळा' म्हणणारं कोणीतरी नको?" तो थेंब घालताना ते श्वास रोखायचे, आम्हालाही रोखायला लावायचे. मला एकदा शिंक आली तर सरळ बाहेर काढलं! हात मात्र असा स्थिर की बघत राहावं.

हा फॅक्टर यायचा परदेशातून. टेलेक्स करून, कस्टमवाल्यांच्या विनवण्या करून एकदाची बोटाच्या पेराएवढी बाटली आली. आतली पूड इतकी कणभर की बाटली रिकामीच वाटावी. साहेबांनी बजावलं, "नेने, या वेळी निकाल दिसला नाही तर हे काम बंद." आणि नेमका शनिवारी लॅबचा फ्रीझर बसला! नेन्यांनी थर्मासात बर्फ भरून बाटली डोंबिवलीला घरच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवली.

सोमवारी हात हलवत आले. "माझ्या हातून पडली. फुटली." साहेब सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलले. काम बंद झालं, पेशी टाकून दिल्या. नेन्यांच्या हातून बाटली पडली? छे! मला काही केल्या पटेना.

संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले. वहिनींनी काडीने ओलं कुंकू लावलं, ते एका इवल्याशा बाटलीतून. रबरी बूच, अर्धवट निघालेलं परदेशी लेबल. "कित्ती गोड आहे ना? फ्रिज पुसताना सापडली. रिकामीच होती, गरम पाण्याने लख्ख धुतली. इतक्या वर्षांत ह्यांनी लॅबमधून माझ्यासाठी आणलेली ही पहिली वस्तू हो!"

मी नेन्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

रिक्षापर्यंत सोडायला आले तेव्हा मी चिडलेच. "अहो, सांगायचं नाही का वहिनींना? एवढं ऐकून घेतलंत!"

"सांगणारच होतो," नेने म्हणाले. "पण बाटली हातात घेऊन ती दारातच उभी होती. इतकं हसताना तिला शेवटचं कधी पाहिलं, तेच आठवेना. मग तोंड उघडवेना हो."