नागपूरला गेलेलं रक्त

जमनीकाकी स्वतःची साखर तपासायला दारव्ह्याच्या लॅबमध्ये गेली, ती पुतणीचं मरण घेऊन तांड्यावर परतली.

झालं ते एवढंच. समोरच्या खुर्चीत उज्ज्वला हात पसरून बसली होती. लॅबच्या संगीताबाईंनी सुई घातली, एक नळी भरून बाजूला ठेवली, दुसरी लावली. तीही भरली. तिसरी लावली तेव्हा काकीचा हात आपोआप छातीवर गेला. तापाला एक नळी, फारच झालं तर दोन, हे तांड्यात लहान पोरालाही ठाऊक होतं. तीन नळ्या आजवर फक्त देवीलालच्या काढल्या होत्या, आणि देवीलाल पुढची अमावास्या बघायला उरला नाही.

"मॅडम, एवढं रगत कायले?" काकीनं विचारलं.

"टेस्ट जास्त हाय ना मावशी. त्या इथं होत नाही, नागपूरले पाठवा लागते."

नागपूर म्हटल्यावर काकी उठून उभी राहिली. आमच्या जिल्ह्यात माणूस आजारी पडला की आधी तालुक्याला जातो, मग यवतमाळला, आणि यवतमाळचे डॉक्टर बोलता बोलता चष्मा पुसायला लागले की नागपूरला. नागपूरहून लोक बरे होऊनही येतात, पण ते कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. काकीनं स्वतःची साखर तशीच सोडली आणि मिळेल ती जीप पकडली. उज्ज्वलाची तिच्याकडं पाठ होती; आवाज ऐकू आला, पण काकी काय समजून पळाली हे तिला कळलंच नाही.

खरं म्हणजे उज्ज्वलाला काहीही झालेलं नव्हतं. ती नेमसिंग नाईकाच्या घरात मुलगा म्हणून जन्मली. तेव्हाचं नाव मी इथं देत नाही. तिला ते आवडत नाही आणि आपलं त्यावाचून काही अडत नाही. चार वर्षांपूर्वी तिनं घरात सांगितलं, की मी मुलगी आहे आणि यापुढं तशीच राहणार. नऊ महिन्यांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी तिला हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. त्या गोळ्या अंगाला सोसतात की नाही हे पाहायला दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, मोटरसायकलचं ऑइल बघावं तसं. रक्त संध्याकाळच्या एसटीनं नागपूरला जाई आणि दोन-तीन दिवसांत रिपोर्ट मोबाइलवर येई. पण हे तांड्याला सांगणार कोण? तिचं तोंड बघायचं नाही, असा चार वर्षांपूर्वीच हुकूम निघालेला होता. हुकूम काढणारा तिचा बाप, आणि तांड्याचा नाईकही तोच.

हुकमाला एक पळवाट मात्र होती. उज्ज्वलाचं दारव्ह्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. पीकविमा, जातीचा दाखला, पोरांचे प्रवेश, सगळं तिच्याकडं. फॉर्म भरायला जाणं म्हणजे भेटायला जाणं नव्हे, असं तांड्यानं आपसात ठरवून टाकलं होतं. नेमसिंगचे स्वतःचे कागदही रामलालकाकाच्या हातून तिच्याकडंच येत. त्यात एक पासपोर्ट साइझचा फोटो असे. तो फोटो कापून बरोबर बसवायच्या निमित्तानं उज्ज्वला बापाचा चेहरा पडद्यावर मोठा करून बघे. मिशा पांढऱ्या झाल्या, डावा गाल बसला, हे तिला तसंच कळलेलं होतं.

आणि तांड्यावर एक रीत हुकमाच्याही वरची होती. आजाऱ्याला बघायला वैऱ्यानंसुद्धा जायचं. त्या दारात ना भांडण, ना बहिष्कार. त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलाच्या दुकानासमोर जी जीप थांबली, तिच्यातून सोळा माणसं उतरली. चार वर्षांत ज्यांनी फॉर्मवरच्या रकान्यांपलीकडं तिच्याशी शब्द काढला नव्हता, ती माणसं केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन ओळीनं आत आली. बोलणं सगळं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत झालं. वाचकांच्या सोयीसाठी मी ते वऱ्हाडीत देतो.

"कसं वाटते आता?" रामलालकाकानं हळू आवाजात विचारलं.

"कशाचं कसं वाटते?"

"राहू दे. बोलू नको लय. दम लागन."

"काका, मले काही झालं नाही!"

रामलालकाकानं मागं वळून लोकांकडं पाहिलं. "देवीलालबी अस्संच म्हणे," तो म्हणाला आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

"अहो, साधी तपासणी हाय. गोळ्या चालू हाय ना माह्या, म्हून रगत पाहतात."

"अव माय! गोळ्याबी चालू हाय!" जमनीकाकीनं डोळ्याला पदर लावला. "कवापासून?"

"नऊ महिने."

"नऊ महिने एकटीच सोसून राह्यली पोरगी. अन् कोणाले सांगितलं का?"

"कोणाले सांगू काकी? तुम्ही येत कुठी होत्या?"

जमनीकाकीनं एक केळं सोलून तिच्या हातात दिलं. उज्ज्वलानं मग गोळ्या कसल्या, तपासतात काय, ते पुन्हा पहिल्यापासून समजावलं. ती जेवढं समजावत होती, तेवढी तिची बिमारी वाढत होती. शेवटी तिनं हात टेकले आणि सोळा जणांसाठी चहा सांगितला. आजाऱ्यानं चहा सांगितला म्हणून जमनीकाकी आणखी रडली. पण जाताना एकेकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सोळावा हात निघाला तेव्हा उज्ज्वलाला खरोखरच दम लागल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी ती दुकान उघडायला आली, तर पायरीवर नेमसिंग नाईक बसलेला. पागोटं मांडीवर, शेजारी दुधाची कॅन.

"बा," ती म्हणाली. "कवा आला तू?"

"पहिल्या जीपनं. दूध आणलं. डॉक्टरनं बंद त नाही केलं?"

"नाही. चालते दूध."

तो आत आला, बाकावर बसला. कॉम्प्युटरकडं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, सगळीकडं बघून झालं, तिच्याकडं बघायचं तेवढं राहिलं.

"बा, जमनीकाकीनं काय सांगितलं ते खरं नाही. मले..."

"ऐक आधी," नेमसिंग म्हणाला. "तुही याडी गेली, तवा म्या तुले कळवू दिलं नाही. रामलाल निघालता सांगाले, त्याले म्याच अडवलं. तुले तिसऱ्या दिवशी कळलं. कळलं ना?"

"हो."

"परवा जमनी बोलली, तवा मनात आलं, आता ही गेली त मले कोण सांगन? सगळ्यायले त म्याच मना करून ठेवलं."

याडी म्हणजे आई. उज्ज्वलाला ती आठवली, आणि आईचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही हे आठवलं. त्याचा राग दोन वर्षं तिनं जपून ठेवला होता. तो काढायला इतकी चांगली वेळ पुन्हा आली नसती. पण समोर बापाचे पाय दिसत होते. मे महिन्याचं ऊन, आणि पायात चप्पल नव्हती. तळव्यांना फोड आलेले.

"चप्पल कुठी हाय?"

"सेवालाल महाराजाले नवस बोललो. पोरीले बरं वाटीस्तोवर अनवाणी."

ती रडली. तो बाकावरच बसून राहिला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "रडू नको. ताप भरन."

त्या दिवशी नेमसिंगनं दुकान ताब्यात घेतलं. गिऱ्हाईक आलं की तो आधी विचारी, "लय मोठा फॉर्म हाय का? पोरीले झेपत नाही." एका मास्तरांना तर त्यानं पोराच्या शिष्यवृत्तीसाठी सरळ लांबच्या उमरखेडला जायला सांगितलं. दुपारी तिच्या खोलीवर त्यानं भाकरी केली. ती एका बाजूनं करपली आणि दुसऱ्या बाजूनं पीठच राहिली. पण खरी मजा गोळ्यांची. पाकीट त्यानं स्वतःकडं घेतलं आणि वेळ झाली की गोळी तिच्या तळहातावर ठेवून समोर उभा राही.

"घे. नागा करू नको."

"बा, ह्या गोळ्या कायच्या हाय, मालूम हाय ना तुले? ह्या मी पोरगी..."

"कायच्याबी असो. डॉक्टरनं देल्ल्या ना? घे."

ज्या गोष्टीपायी त्यानं लेकीला घराबाहेर काढलं, ती गोष्ट तो आता दुधाबरोबर स्वतः भरवत होता. तिला हसावं की काय करावं कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइल वाजला. रिपोर्ट. यकृत ठीक, पोटॅशियम ठीक, हार्मोन डॉक्टरांना हवे तिथं. लाल अक्षरात काही नाही. इतक्या परीक्षा दिल्या, पण पास झाल्याचं वाईट उज्ज्वलाला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"आला का नागपूरचा कागद?" बापानं विचारलं.

"नाही, बा."

तिनं मोबाइल उलटा ठेवला. आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. मग बाप पाणी आणायला म्हणून समोरच्या हॉटेलात गेला. डांबर तापून मऊ झालेलं. तो रस्ता ओलांडताना टाचांवर, मग चवड्यांवर, मग पुन्हा टाचांवर चालत होता. साठीचा नाईक, ज्याच्यापुढं तांडा उभा राहतो, तो भर बाजारात नाचल्यासारखा चालत होता आणि चहाच्या टपरीवरची पोरं हसत होती. उज्ज्वला धावत गेली, त्याच्या हातातली कळशी घेतली आणि त्याला आत आणून बसवलं.

"बा, कागद आला. सकाळीच... नाही, मघाशी आला. मी खोटं बोलली."

नेमसिंगचा चेहरा उतरला. "काय म्हणते?"

"सगळं चांगलं हाय. मले काही झालेलं नाही. पहिलेपासूनच नव्हतं."

"म्हणजे मरत नाही तू?"

"नाही."

सुटल्यासारखा एक श्वास त्यानं सोडला, पागोटं उचललं, डोक्याला गुंडाळलं, पुन्हा सोडलं. आता हा उठणार, हे उज्ज्वलाला दिसत होतं. आजाऱ्याच्या दारात हुकूम चालत नाही, पण धडधाकट लेकीच्या दारात तो चालतो, आणि हुकूम त्याचाच होता.

"रामलालले सांगितलं का?" त्यानं विचारलं.

"कोणालेच नाही."

"मंग नको सांगू," नेमसिंग दाराबाहेर बघत म्हणाला. "तांड्यावर मी सांगतो, अजून नक्की नाही म्हून. तीन महिन्यानं पुन्हा पाहतात म्हून. तवा यावंच लागन ना मले?"

"अन् महाराजाले काय सांगशीन?"

"महाराजाले मालूम हाय. त्यायच्यापासून काय लपते?" त्यानं पाय पोटाशी घेतले. "चप्पल घेऊन दे एक. दारव्ह्यात घालतो. तांड्यावर काढून ठेवीन."

अशा रीतीनं उज्ज्वला बरी असूनही आजारी राहिली. तिला बाप मिळाला होता, फक्त तिनं बरं व्हायचं नव्हतं. जमनीकाकी केळी पाठवत राहिली. नेमसिंग आठवड्याच्या बाजाराला येई, लेकीच्या हातचं जेवे आणि तांड्यावर जाऊन तोंड पाडून सांगे, "आहे तसंच हाय. भरोसा नाही." लोक म्हणत, नाईकानं हाय खाल्ली. तो मात्र तीन महिन्यांत जरा भरला होता.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा रक्त द्यायची वेळ आली. नेमसिंग निंदणाच्या बाया शेतात तशाच सोडून लॅबमध्ये हजर झाला. संगीताबाईंनी डॉक्टरांचा नवा कागद वाचला आणि त्या हसल्या.

"काकाजी, खुश व्हा. वर्ष झालं, सगळं बरोबर चालू हाय. आता दर तीन महिन्याले यायची गरज नाही म्हणते डॉक्टर. सहा महिन्यानं आलं तरी चालते."

उज्ज्वलाला हे आठवड्यापूर्वीच कळलेलं होतं. ती खाली बघत राहिली.

"सहा महिने?" नेमसिंग म्हणाला. "सहा महिने लय होते मॅडम. तुम्ही फोन लावा डॉक्टरले."

"अहो, तब्येत चांगली हाय तिची!"

"चांगली हाय, ते मले मालूम हाय." बाकावरच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून तो खाली वाकला. "पण चांगल्या पोरीले भेटाले मी कोणत्या तोंडानं येऊ?"

संगीताबाईंनी उज्ज्वलाच्या दंडाला पट्टा बांधला. बाहेर जीपवाला दारव्हा-तांडा असं ओरडत होता. उज्ज्वलाचं रक्त घेऊन झालं, कापूस लावून झाला, तरी नेमसिंग जागचा हलला नाही. मग काहीतरी सुचल्यासारखा तो पुढं झाला, लेकीला उठवून स्वतः खुर्चीत बसला आणि सदऱ्याची बाही दंडापर्यंत चढवली.

"माहं घ्या."

"तुम्हाले काय झालं काकाजी?"

"ते तुम्ही पाहा. आजारी बापाले पाहाले पोरगी तांड्यावर आली, त कोण अडवते? म्याबी नाही अडवू शकत."

"अन् काही निघालंच नाही त?"

"या वयात काही ना काही निघतेच मॅडम," नेमसिंग म्हणाला आणि सुईकडं बघवेना म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले.

उज्ज्वलानं त्याचा दुसरा हात धरला. बापाला काही निघू नये, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. आणि तिला घरी जायचं होतं.